श्रावणात काढलेले नऊ फोटो

आमच्या घराण्यात कुणी गातं, कुणाच्या हातचे मोदक नावाजले जातात, मी अर्ज लिहितो. काकांचं पेन्शन अडलं, भाचीच्या दाखल्यावर आडनाव चुकलं, शेजाऱ्यांच्या नळाला पाणी येईना, की फोन माझ्याकडे. विमा कंपनीत तीस वर्षं लोकांच्या पत्रांना उत्तरं लिहिण्यात गेली. त्यामुळे 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं लिहिलं की मला जेवल्यासारखं वाटतं. बायको म्हणते, "मला बघायला आलास तेव्हा बाबांसमोर असा काही बसला होतास, मला वाटलं उठताना म्हणशील, आपला विश्वासू." मी ते हसण्यावारी नेतो. पण खरं सांगतो, या कलेचा मला गर्व होता.

आम्ही अंधेरीला राहतो, पश्चिमेला, रस्ते संपून खाडी सुरू होते त्या टोकाला. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे एक मैदान आहे आणि मैदानापलीकडे कोळीवाडा. तिथल्याच एक मावशी गेली वीसेक वर्षं आमच्याकडे मासे घेऊन येतात. 'येतात' हे लिहिताना झालं. समोर असली की ती मला 'दादा, तू' म्हणते आणि मीही तिला 'मावशी, तू'च म्हणतो. तिचं रेशनकार्ड, तिच्या सुनेचा जन्मदाखला, मीटरची तक्रार, सगळे अर्ज माझ्याच हातचे. बदल्यात कधी एखादी मांदेली जास्त पडायची. बायको म्हणायची, "बघ, तुझ्या अक्षराला मासळीबाजारात तरी भाव आहे."

दोन वर्षांपूर्वी माझी साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी आज्ञाधारक माणूस, आधी बूट घेतले. मग लक्षात आलं की चालायला जागा नाही. फुटपाथवर मोटारसायकली आणि रस्त्यावर रिक्षा. बूट घालून मी गच्चीवर फेऱ्या मारायचो, पाण्याच्या टाकीला प्रदक्षिणा घालायचो, टाकीला नवस बोलल्यासारखा.

अशातच मैदानाच्या कडेला महापालिकेची सूचना लागली. या जागेवर उद्यान आणि चालण्यासाठी ट्रॅक करण्याचं प्रस्तावित आहे, नागरिकांनी हरकती व सूचना कळवाव्यात. नगरसेवकांची मुदत तेव्हा संपून गेली होती, निवडणूक लांबली होती. म्हणजे ज्याच्या दारात जाऊन हात जोडावेत किंवा तावातावाने भांडावं असा माणूसच उरला नव्हता. जे काही व्हायचं ते वॉर्ड ऑफिसात, आणि तिथे फक्त कागद बोलतो. म्हणजे माझं राज्य.

सोसायटीचे चेअरमन त्याच संध्याकाळी घरी आले. मोठ्या आवाजाचे, मनाने सरळ गृहस्थ. "साहेब, पत्र तुमच्याच हातचं पाहिजे. असं लिहा की वाचणारा उभा राहिला पाहिजे. आणि फोटो जोडा. हल्ली फोटोशिवाय कुणी ऐकत नाही."

श्रावणातला रविवार होता. पाऊस जरा थांबला होता. मी नवे बूट घालून मैदानात गेलो आणि मोबाइलवर नऊ फोटो काढले. गुडघाभर गवत. डबकी. एका डबक्यात तीन पायांची प्लास्टिकची खुर्ची. कोपऱ्यात बांबूंचा ढीग, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर झोपलेलं कुत्रं. घरी येऊन एका बैठकीत पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं, बायकोलाही वाचून दाखवलं: 'सदर भूखंड वर्षानुवर्षे वापराविना पडून असून तेथे केवळ अस्वच्छता नांदत आहे.'

"नांदत आहे काय," ती म्हणाली. "लग्न लावलंस की काय अस्वच्छतेचं?"

पण पत्र चांगलं आहे हे तिनेही मान्य केलं. शेहेचाळीस घरांच्या सह्या झाल्या. खाली पहिली सही माझी.

आता ते बांबू कशाचे होते, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. पाऊस सरला की ते बांबू उभे राहतात. त्यांना आडव्या दोऱ्या बांधून बायका बोंबील वाळत घालतात, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून. त्या मांडवाला त्या वलांडी म्हणतात. खाली जमिनीवर जवळा पसरतात. दिवाळीपासून मे संपेपर्यंत ते मैदान भरलेलं असतं, आणि वारा फिरला की वास आमच्या जिन्यापर्यंत येतो. पावसाळ्यात होड्या बंद, त्यामुळे वाळवण बंद. त्यात श्रावण म्हटल्यावर आमच्या घरी मासे बंद. मावशी महिनाभर दारात आलेली नव्हती. जे दारात येत नाही ते मला आठवत नाही, अशी माझ्या डोक्याची रचना आहे. शिवाय बूट नवे होते.

गौरी-गणपती उरकले आणि मावशी आली. पाटी खाली ठेवली, पण फडकं काढलं नाही. कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

"वाच रं दादा. साहेबाचा कागूद हाय. आमी बायकांनी वलांडीसाठी परवानगी मागितलेली ना, त्याचा."

हा अर्ज माझ्या हातचा नव्हता. त्यांच्यातल्याच कुणी मुलीने लिहून दिला असावा. वॉर्ड ऑफिसचं उत्तर होतं. मी मोठ्याने वाचायला लागलो, आणि तिसऱ्या ओळीवर थांबलो. 'स्थानिक रहिवाशांनी सादर केलेल्या छायाचित्रांवरून, सदर भूखंड वर्षानुवर्षे वापराविना पडून असल्याचे दिसून येत असल्याने, मासळी वाळवण्यासाठी परवानगी देण्याचे प्रयोजन दिसत नाही. हरकत असल्यास सुनावणीस उपस्थित राहावे.'

माझंच वाक्य. 'नांदत आहे' तेवढं साहेबांनी काढलं होतं.

"थांबलास कनाला?" मावशी म्हणाली. "वंगाळ लिवलंय?"

मी अर्थ सांगितला. फोटो कुणाचे ते सांगितलं नाही.

ती उंबऱ्यात बसली. मग म्हणाली, "वापराविना? अरे, माझी आजेसासू तिथं जवळा पसरायची. ताजी मासळी काय, विकली नाय तर सांजच्याला फुकट. सुकी हाय म्हणून पावसाळ्यात चूल पेटते आमची. ती जागा गेली तर मी काय डोक्यावर वाळवू बोंबील?" तिने माझ्याकडे बघितलं. "तू लिव. तुझ्या हातचं साहेब लोक वाचतात."

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि आत निघून गेली. आत भांडी जरा जास्तच वाजली.

मावशी गेल्यावर ती म्हणाली, "सांगितलं का नाहीस तिला?"

"योग्य वेळ बघून सांगतो."

"तुझी योग्य वेळ म्हणजे ना, तुझ्या ऑफिसातल्या फायलीसारखी आहे."

मी मावशीची हरकत लिहिली. आयुष्यात इतकं चांगलं पत्र मी लिहिलं नाही. वलांडी, होड्यांचे महिने, वाळवणाचे दिवस, सगळं त्यात होतं. फक्त ते फोटो श्रावणात काढलेले आहेत हे नव्हतं. ते लिहिलं असतं तर हे तुम्हाला कसं ठाऊक, असा प्रश्न आला असता. मी माझ्यापुरता एक हिशोब मांडला होता: हरकत मान्य होईल, जागा राहील, आणि काही सांगायची वेळच येणार नाही.

सुनावणी पितृपक्षात झाली. वॉर्ड ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर, लांब टेबल, पंखा, भिंतीवर स्वच्छतेचं पोस्टर. एका बाजूला चेअरमन बसले होते, दुसऱ्या बाजूला मावशी आणि तिच्यासोबतच्या चार बायका. मावशीने मला दारात बघितलं आणि तिला वाटलं मी तिच्यासाठीच आलोय. तिने शेजारची खुर्ची पुढे ओढली. "दादा, हितं बस."

मी मधेच उभा राहिलो. मला वाटतं, त्या दिवशी मी घेतलेला तो एकमेव निर्णय.

साहेब तरुण होते, फाईल वाचून आलेले. त्यांनी दोन्ही कागद समोर ठेवले, थोडं हसले. "दोन्ही पत्रं फार छान आहेत. दोन्हींत 'वर्षानुवर्षे' आहे. एक म्हणतं वर्षानुवर्षे रिकामी, दुसरं म्हणतं वर्षानुवर्षे भरलेली." मग फोटो पसरले. "हे कुणी काढलेत?"

मी तोंड उघडायच्या आत चेअरमननी माझ्या पाठीवर थाप मारली. "हे काय आमचे साहेब! पत्र यांचं, फोटो यांचे. सगळी मेहनत यांची."

मावशीचा हात अजून त्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिने काढून घेतला.

"कधी काढलेत?" साहेबांनी विचारलं.

"श्रावणात," मी म्हणालो.

"बरं. मग?"

आता, कागद दिला असता तर मी हे दोन परिच्छेदांत मांडलं असतं. बोलायची वेळ आली आणि माझ्या तोंडून निघालं ते असं: "श्रावणात आम्ही मासे खात नाही."

खोलीत हशा झाला. चेअरमनही हसले. चार बायकांमधली एक हसली. मावशी हसली नाही.

"काका, खाण्यापिण्याचा विषय सुनावणीत नको," साहेब म्हणाले, पण चांगल्या शब्दांत म्हणाले. मी घाईघाईने सांगायला लागलो की होड्या बंद असतात, बांबू ताडपत्रीखाली होते, फोटोत दिसतात बघा, ते कुत्रं आहे ना, त्याच्या खाली. त्यांनी फोटो उचलून कुत्र्याकडे नीट बघितलं. "याला तारखेसह वापराचा पुरावा लागेल. आज जाऊन बघितलं तरी तिथे चिखलच आहे ना?"

चिखलच होता.

बाहेर जिन्यात मी मावशीला गाठलं. "मावशी, मला तेव्हा लक्षात..."

"आमच्या वाड्याकडं तोंड करून काढलेस ना फोटू?" ती म्हणाली. "मग घर दिसलं आसंल माझं. हाक मारायची. मी सांगितलं आसतं."

आणि बाकीच्या बायकांमागोमाग ती जिना उतरून गेली.

दिवाळीनंतर आदेश आला. ट्रॅक होणार, मैदानाच्या कडेकडेने. मधला तुकडा वाळवणासाठी, एका वर्षापुरता, तात्पुरत्या परवानगीवर. पुढची परवानगी पाहणी करून ठरेल. पूर्वी जिथे सगळं मैदान होतं तिथे आता दहा-बारा वलांडींची जागा उरली. मावशीच्या वाट्याला दोन आल्या.

ट्रॅक छान झालाय, लालसर, पायाला मऊ. मी रोज सकाळी चालतो. साखर उतरली. सोसायटीत माझं कौतुक होतं, आणि मधल्या तुकड्यात मावशी बोंबलाच्या जोड्या अडकवत असते. पहिल्या दिवशी मी मान खाली घालून तिच्या बाजूने जात होतो, तर तिनेच हाक मारली. "चाल, चाल. जोरात चाल. तुझीच जागा हाय." आमच्या दारात ती अजूनही येते, बायकोशी बोलते, निवडून मासे देते. कागद मात्र माझ्याकडे आणत नाही. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कॉलेजात जाणारी एक मुलगी आहे, तिच्याकडून वाचून घेते. बायकोने मला हे सांगितलं तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. एकच बातमी बराच वेळ वाचत होतो.

त्या सीझनला मी दर रविवारी मैदानाचे फोटो काढले. कार्तिकापासून मे संपेपर्यंत, तारीख दिसेल असे. भरलेल्या वलांडी, पसरलेला जवळा, तो उलटापालटा करणाऱ्या बायका. चेअरमन एकदा म्हणाले, "साहेब, वासाचं पण एक पत्र होऊन जाऊ दे. चालणाऱ्यांना त्रास होतो." मी म्हणालो, हात दुखतोय. ते म्हणाले, बरा झाल्यावर लिहा.

गेल्या आठवड्यात वॉर्ड ऑफिसची पाहणीची तारीख आली. ती श्रावणात आहे. बदलून मिळावी म्हणून मी दोन अर्ज केले, पोच मिळाली, उत्तर नाही. मग सगळे फोटो छापून घेतले आणि पाकीट घेऊन कोळीवाड्यात गेलो. इतक्या वर्षांत मावशीच्या घरी पहिल्यांदा. दारापासून आमच्या इमारतीची मागची भिंत सरळ दिसते, माझ्या गच्चीवरच्या टाकीसकट.

ती ओटीवर जाळ्याचा गुंता सोडवत बसली होती. पाकीट घेतलं, एकेक फोटो निरखून बघितला. एकात तिची सून जांभई देत होती, तो तिने बाजूला काढून ठेवला. मग बाकीचे उलटून मागची बाजू बघितली.

"तुझी सही कुठं हाय?"

"फोटोवर सही नसते, मावशी. पत्रावर असते."

"त्या टायमाला पयली सही तुझीच व्हती ना? शेहेचाळीस जणांत?"

"हो."

"मग ह्याच्यावर बी कर. सोसायटीचं नाव घालून कर. आमची सही तिथं चालत नाय, तुझी चालते."

सोसायटीचं नाव घालून. म्हणजे चेअरमन, शेहेचाळीस घरं आणि रोज सकाळी मला हात करणारे ट्रॅकवरचे सगळे. मी जाळ्याशेजारी बसलो आणि एकेका फोटोमागे लिहायला लागलो: तारीख, 'जागा वापरात आहे', खाली नाव, इमारत, सही. उपरोक्त वगैरे काही सुचलं नाही. मावशी शाई वाळेपर्यंत प्रत्येक फोटो हातात धरत होती, मग दुसऱ्यावर ठेवत होती.

चहा तिने विचारला नाही. सगळे झाल्यावर पाकीट पिशवीत घालून म्हणाली, "पाहनीला येशील?"

"येईन."

"बूट घालून नको येवू," ती म्हणाली. "चिखल आसतो तवा."