मदनसिंग आणि त्याचे आठ गडी

धनजजवळच्या तांड्यातला मदनसिंग पुढे रिठदच्या शाळेत मास्तर झाला. पण त्याचं खरं शिक्षण अमरावतीच्या कॉलेजात, आणि तेही वर्गाबाहेर झालं असं खुशाल समजावं.

छप्पन साली तो कॉलेजच्या आट्यापाट्यांच्या संघाचा कप्तान झाला. या खेळात नऊ गडी नऊ पाट्या, म्हणजे मातीत आखलेल्या रेघा, अडवून उभे राहतात. प्रत्येकाने आपलीच पाटी राखायची. मदनसिंगला नेमकं हेच जमत नसे. शेजारच्याची पाटी ढिली दिसली की हा धावलाच, आणि फाऊल! आदल्या वर्षीचा चषक त्यामुळेच हातचा गेला होता. यंदा तो आणायचाच, एवढ्या एका गोष्टीने त्याला पछाडलं होतं.

शेवटची पाटी फूलचंदकडे होती. कारंज्याच्या जैन दुकानदाराचा मुलगा, अंगाने अगदी काडी, पण समोरच्याचा खांदा हलायच्या आत याला त्याची चाल कळे. अडचण एकच. दिवस मावळल्यावर तो अन्नाला शिवत नसे, म्हणून सराव अर्धा टाकून खानावळीकडे पळायचा.

"तुले जेवण पायजे का चषक?" मदनसिंगने एकदा सगळ्यांदेखत विचारलं.

त्या दिवसापासून फूलचंद सराव संपेपर्यंत थांबू लागला. पाच दिवसांत त्याचा खेळ मंदावला, पाय अडखळू लागले. मदनसिंगला वाटलं, स्वारी रुसली. रागाच्या भरात त्याने यादीतून त्याचं नाव कापलं.

ते ऐकून खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या भुरीबाईने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "कप्तान म्हणवतं सोताले? ते लेकरू पाच दिसांपासून रातचं उपाशी झोपून राह्यलं, अन् तू त्याचंच नाव काटतं?"

मदनसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तडक फूलचंदच्या खोलीवर गेला.

"काहून नाही सांगतलं मले?"

"तू इचारलं कवा?"

मदनसिंगने नाव पुन्हा लिहिलं आणि सराव तीन वाजता ठेवला. दिवस कलला की नऊही जण एका पंगतीत जेवायला बसू लागले. "हे काय बुढ्यावानी पाचाले जेवण!" म्हणून त्यांच्यातला किसनसिंग रोज कुरकुरायचा, आणि रोज दोन भाकरी जास्त हाणायचा.

त्या वर्षी अंतिम सामना कारंज्यालाच होता. तीनचा सामना रखडत पावणेपाचला सुरू झाला. मदनसिंग आपल्या पाटीवरून एकदाही हलला नाही. मागे फूलचंद आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मध्यंतराला दोन्ही संघ बरोबरीत होते आणि सूर्य कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या छपराला टेकला होता. फूलचंदची आई पानाबाई नऊ जणांचा डबा घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती.

पंचांनी बजावलं, "पाच मिनिटं. उशीर झाला तर एक गुण कापला जाईल."

"मी उपाशी खेळतो," फूलचंद म्हणाला. "चषक जाईन रे."

मदनसिंगने चषकाकडे पाहिलं. टेबलावर तो चांगला झळकत होता, आणि जीव तुटत नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. मग तो पंचांना म्हणाला, "एक गुण कापून घ्या. आमी जेवून येतो."

नऊही जण मातीतच मांडी घालून बसले. पानाबाईने वाढलं. नंतर सगळे जिवाच्या आकांताने खेळले. आणि एका गुणाने हरले.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत क्रीडाशिक्षकांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "एक गुण!" ते कडाडले. "एकच गुण! कुठं गेला तो?"

मदनसिंग पुढे सरकणार, तोच किसनसिंगने त्याला मागे ओढलं.

"जेवाले गेला, सर," तो म्हणाला. "आमी नवबी जण जेवलो."