काचवाल्या वच्छलाबाई

गाडी समोर आली की वच्छलाबाई आधी डोळे मिटत आणि अंगठ्याचं नख काचेवरून हळूच फिरवत. नख अडकलं की म्हणत, "हा ओरखडा खोल हाय. हा जाणार नाई." ब्रह्मपुरीत एका गॅरेजला लागून त्यांची टिनाची शेड होती. घर तलावावर मासेमारी करणारं. नवरा गेल्यावर त्या नागपुरात राहून गाडीच्या काचेवरचे ओरखडे काढायला शिकून आल्या. बाई हे काम करते म्हणून लोक आधी नुसते बघायला येत, मग गाडी घेऊन.

मी तेव्हा ब्रह्मपुरी-वडसा जीप चालवत होतो. वायपरखाली खडा अडकून काचेवर, नेमका माझ्या नजरेसमोर, ओरखडा पडला. सकाळचं ऊन त्यावर आलं की पुढचा रस्ताच दिसेनासा होई. बाईंचं नख तिथं अडकलं. त्या नाही म्हणाल्या, पण मी हटून बसलो. कामात नवीन होत्या, त्यांनी माझं ऐकलं. पाण्यात कालवलेली गुलाबी पावडर लावून मशीन फिरवू लागल्या. मधूनमधून हाताची मागची बाजू काचेला लावून पाहत. "तापली तं तडकते, भाऊ." दुपारपर्यंत ओरखडा गेला आणि मी खूश होऊन निघालो.

तिसऱ्या दिवशी वडसा स्टँडवर मी सवाऱ्या भरत होतो, तर बाई बसमधून उतरून सरळ माझ्याकडे आल्या.

"भाऊ, मले तुमच्या जागेवर बसू द्या."

सीटवर बसून त्यांनी मान डावी-उजवीकडे हलवली. मग मला बसवलं. "तो खांब पाहा. आता मान हलवा."

विजेचा सरळ खांब मधेच वाकत होता. दोन दिवस माझं डोकं का दुखत होतं ते कळलं.

"एकाच जागी जास्त घासली मी, काच खोलगट झाली," त्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणाल्या. "सायकलवाला आला तं तुमाले तो हाय तिथी दिसणार नाई. माह्या हातानं चुकलं. काच बदलल्याबिगर सवाऱ्या नेऊ नका."

एक ड्रायव्हर हसला. "बाई, आपला धंदा आपणच काऊन बुडवून राह्यल्या?"

जीपमधल्या माणसांकडे बघत त्या म्हणाल्या, "यायले घरी पोचाचं हाय."

मी सवाऱ्या दुसऱ्या जीपमध्ये बसवल्या. पुढं त्या स्टँडवरची प्रत्येक जीप बाईंकडेच जाऊ लागली, हसणाऱ्याची सगळ्यांत आधी.

त्यानंतर मात्र त्यांनी कोणाचा हट्ट चालू दिला नाही. एक ठेकेदार काचेवर खोल ओरखडा पडलेली कोरी गाडी घेऊन आला, ओरखडा बाहेरून दिसला नाही म्हणजे झालं म्हणाला. "बाहेरून गाडी दिसते, साहेब. रस्ता आतून पाहा लागते," म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं.

गेल्या वर्षी त्यांची नजर अधू झाली. गॅरेजवाल्यानं सुचवलं, कारागीर बाहेरगावी आहे अशी पाटी लावा. "बाहेरगावी काऊन? मी इथीच हाओ," म्हणत त्यांनी स्वतः खडू घेतला. आता त्या सिरोंच्याला मुलीकडे असतात. निघताना त्यांना पोचवायला मी गेलो, तेव्हा शेडच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : 'मला बारीक दिसत नाही. म्हणून काम बंद.' खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं.