उन्हाळ्यातलं स्वेटर

उदगीरकडच्या त्या गावात अंगणवाडीची बाई म्हणजे पंचशीला. लेकरू आत आलं की तिची नजर आधी त्याच्या अंगावरून फिरायची. नाक पुसताना, हातपाय धुताना कुणाला गोवर आलाय, कुणाला घरी मार बसलाय, तिला कळायचं. मारणाऱ्याची ती चारचौघांत खरडपट्टी काढायची, मग तो सरपंचाचा भाऊ का असेना.

कोरोना आला आणि अंगणवाडीला कुलूप लागलं. शिधा दारोदार पोचवायचा, तोही लांबूनच, असा हुकूम निघाला. गेल्या दुष्काळानं विहिरी आटलेल्या, टँकर येईल तेव्हा पाणी. पारावर मात्र उदगीर जिल्हा कधी होणार याच्या गप्पा रंगलेल्या. जिल्हा करा नाहीतर राजधानी करा, प्यायला पाणी कोण देणार होतं?

मन्मथची विशाखा, चार वर्षांची बडबडी पोर, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं स्वेटर घालून दारात उभी असायची. तोंडाला फडकं. "कोरोनाची भीती हाय ना बाई," तिची आई सुमन खाली बघून सांगायची. त्या साली सगळं गावच झाकून-पाकून फिरत होतं. पंचशीलाला कौतुकच वाटलं. "लई छान दिसतंय गं स्वेटर," ती पोरीला म्हणायची आणि बाकीच्या बायांना तिचा दाखला द्यायची.

पावसाच्या तोंडावर पुन्हा वजनं घ्यायला परवानगी मिळाली. पंचशीलानं सुमनच्या ओट्यावर काटा ठेवला. काट्यावर चढण्याआधी जाड कपडे काढायचे, ही अंगणवाडीतली सवय. सुमन "राहू द्या, राहू द्या" म्हणेपर्यंत विशाखानं स्वेटर काढलंसुद्धा.

दंडापासून पाठीपर्यंत पट्ट्याचे वळ. काही काळे पडलेले, एक अजून ओला.

पंचशीलानं पोरीला जवळ ओढलं. "कुणी केलं हे?"

"टँकरच्या पाण्याची घागर सांडली हिच्या हातनं," सुमन रडत पुटपुटली. "पुण्याचं काम सुटल्यापासून हिचा बाप घरातच हाय. कुनाला सांगू बाई? कुनीच तर आत येत न्हाई."

आतून मन्मथ खाकरला. विशाखानं झटकन स्वेटर उचललं.

"बाई, घालू का परत? तुमाला आवडतंय ना?"

तालुक्याचा दवाखाना कोरोनाच्या पेशंटनी भरलाय, वाटेत पोलिसांचा नाका आहे, हे पंचशीलाला ठाऊक होतं. तरी तिनं पोरीला तशीच उघडी कडेवर घेतली आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली.

"चल सुमन," तिनं मागं वळून हाक मारली.

सुमन ओट्यावरून हलली नाही.