मागच्या खोलीच्या भिंती

भोरला अजून संस्थानी अंमल होता तेव्हाची ही गोष्ट. थोरल्या बहिणीचं पहिलं बाळंतपण पासलीला, आमच्या घरी व्हायचं होतं. तिच्यासाठी आईनं मागची खोली रिकामी केली. भिंती तेवढ्या सारवायच्या राहिल्या होत्या. आमच्याकडं भिंतीला बांधावरची पिवळसर माती लावायची रीत. बहिणीनं मात्र सारोळ्याहून, सासरच्या ओढ्याची बदामी माती फडक्यात बांधून धाडली. सोबत निरोप, "दोनी लावून ठिवा. म्या आल्यावर वाळलेलं बघून सांगंन."

"वरीसभरात सासरची माती ग्वाड लागाय लागली व्हय!" आई म्हणाली. चेष्टेत म्हणाली, पण तिला लागलं होतं. तरी तिनं भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढले. ओले असताना दोन्ही सारखेच मळकट दिसत होते. वाळल्यावर एक हळद धुतलेल्या हातासारखा झाला, दुसरा भाकरीच्या पापुद्र्यासारखा.

मला तर वैताग आला होता. कुठली तरी एक फासा आणि मोकळ्या व्हा की! आई ऐकेना.

"तिला म्हयनाभर ह्याच भिंतींकडं बघत पडायचंय," म्हणाली.

तिकडून लेकीला धाडायचं नाव नव्हतं. बाजरीची सुगी उरकली की धाडतो, असं सासरचे म्हणत. सुगी उरकली तर मळणी निघाली. आणि खळ्यावरच तिला कळा सुरू झाल्या. त्यानंतर निरोप आला तो ती आणि मूल, दोघंही गेल्याचा.

लग्न झालेल्या लेकीचं सुतक आईबापाला तीनच दिवसांचं. त्या हिशेबाचा मला अजूनही राग येतो. चौथ्या दिवशी घर सारवायला थोरली चुलती मदतीला आली. दोघींनी बांधावरच्या मातीनं सोपा, माजघर, चुलीमागची भिंत, सगळं सारवून काढलं. मागच्या खोलीच्या दारात मात्र आई थांबली. चुलतीनं त्या दोन पट्ट्यांकडं पाहिलं.

"आता कंची बी लाव, बाय. कोन बघाया येतंय?"

आईनं घमेलं खाली ठेवलं.

"तिनं अजून सांगितलं न्हाई," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.

पुढं माझं पहिलं बाळंतपण त्याच घरात झालं, पण माजघरात.