पाठ कोरी

नाशिकमधला कोणताही सण माझे मोठे दीर चौकात पोहोचल्याशिवाय सुरू होत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ते ढोल वाजवत नाहीत. वाजवणाऱ्यांपुढे उलटे चालत त्यांच्या चुका काढतात. "अरे, ढोल आहे तो, गादी नाही! झोडपतोस काय?" एकदा असेच उलटे चालताना ते भेळवाल्याच्या चुरमुऱ्यांत जाऊन बसले, आणि तिथूनही ठेका चुकल्याचं सांगत राहिले. दसऱ्याला सोनं वाटायला निघाले की ओळख नसलेल्या घरांतूनही जेवून येतात.

पण त्यांचा जीव खरा रहाडीत. जुन्या नाशकात काही चौकांच्या पोटात हे दगडी हौद आहेत. वर्षभर ते मातीखाली बुजलेले, वरून रिक्षा धावतात. रंगपंचमीला उघडायचे, गरम रंगाने भरायचे आणि वरून धप्पा मारायचा. धप्पा म्हणजे सूर नव्हे. अंग झोकून असं पडायचं की काठावरचेही भिजले पाहिजेत. भाऊजींच्या देहाने तर दोन धप्प्यांत निम्मी रहाड बाहेर. यंदा मात्र हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी उडी मारायची नाही म्हणून बजावलं, तेव्हा भाऊजींनी विचारलं, "लहानसा धप्पा चालेल?"

रंगपंचमीला "नुसता बघून येतो" म्हणून गेले, ते दुपारी डोक्यापासून पायापर्यंत पिवळेधमक होऊन दारात उभे. जाऊबाई मटकन पायरीवर बसल्या. "मारलात ना धप्पा? माझी शपथ घेतली होती तुम्ही!"

"अगं, काठावरच होतो."

"काठावर एवढं रंगतं का माणूस?"

रडारडीने काही कळणार नव्हतं. रहाडीत पडलेला माणूस चहूबाजूंनी रंगतो. मी म्हटलं, "भाऊजी, मागे वळा."

ते वळले. सदऱ्याची पाठ पांढरीशुभ्र, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मी चहाचं आधण ठेवायला उठले. जाऊबाई डोळे पुसत हसायला लागल्या.

भाऊजी मात्र परत वळेनात. भिंतीकडे बघतच म्हणाले, "पोरं विचारत होती, 'काका, यंदा तुम्ही नाही?' कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच पाठ कोरी घेऊन घरी आलोय."

त्यांच्या हातात बायकोसाठी रहाडीतून भरून आणलेली रंगाची बाटली होती. जाऊबाई उठल्या, ती काढून घेतली आणि सगळीच्या सगळी त्यांच्या पाठीवर ओतली.

"अगं, गार झालंय ते!" भाऊजी ओरडले. पण बाटली रिकामी होईपर्यंत जागचे हलले नाहीत.