मालकाची कवळी

आमच्या गल्लीचं भाडं एका म्हाताऱ्याच्या कवळीवर ठरलेलं होतं, असं आज कुणाला सांगितलं तर तो मलाच वेड्यात काढील. लग्न होऊन मी वर्ध्याला त्या स्टेशनामागच्या गल्लीत आले, म्हणजे सत्तर सालाच्या जरा पुढे, तेव्हा मीही ऐकून हसलेच होते.

लोक तिला चिनी गल्ली म्हणत. चार घरं चिन्यांची. एकात दातांचे डॉक्टर, दोन घरांत जोडे शिवणारे त्यांचे भाऊ, आणि चौथ्यात डॉक्टरांची सासू. ही बाई दिवसभर दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करी, त्या बाबतीत माझ्या सासूची सख्खी बहीण शोभली असती. टोकाच्या दोन खोल्यांत आम्ही. नवरा कचेरीत कारकून, मी शाळेत मास्तरीण. सगळी घरं एकाच मालकाची. डॉक्टरांचे वडील कलकत्त्याहून आले आणि इथलेच होऊन गेले. डॉक्टरीणबाई तर याच गल्लीत जन्मल्या होत्या, आणि त्यांच्या अस्सल वऱ्हाडीपुढे माझी भाषा पुस्तकातली वाटे.

मालकांच्या तोंडात एकही दात उरला नाही, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना कवळी करून दिली. पेज पिऊन कंटाळलेला माणूस पुन्हा ज्वारीची भाकर खाऊ लागला. खुशीत येऊन त्यांनी भर गल्लीत शब्द दिला, "हे दात शाबूत हायेत तवर कोनाचंच भाडं वाढनार नाई."

तेव्हापासून मालक दर संक्रांतीला येत. डॉक्टरीणबाई मुद्दाम पाक जास्त आटवून दगडासारखे तिळाचे लाडू करत. आम्ही सगळे भोवती उभे. मालक लाडू दाढेखाली धरत, कडकन आवाज होई, आणि ते हात वर करून ओरडत, "शाबूत!" झालं, वर्षाचं भाडं ठरलं. कागद नाही की सही नाही. माझ्या नवऱ्याचा जन्म कागद चिवडण्यात गेला, पण त्यालाही हे लिहून घ्यावं असं कधी सुचलं नाही.

मग गावात बँका वाढल्या, कॉलेजं वाढली. बदलीवर आलेले साहेब स्टेशनाजवळ घर शोधत फिरत आणि मागाल तेवढं भाडं कबूल करत. शेजारच्या गल्लीतले विणकर एकेक करून सामान बैलगाडीत घालून गेले. आम्हाला त्यांची कीव यायची. आम्ही मात्र निवांत होतो. मालकांना कवळी जरा कुठे टोचली की डॉक्टर हातातलं काम टाकून घासून द्यायला जात.

पावसाळ्यात मालक गेले. तेरवीच्या पंगतीला सगळी गल्ली जेवली, डॉक्टरांची सासूसुद्धा. दुसऱ्या दिवशी मालकांचा मुलगा आला. हातात स्टीलचा डबा होता. मला वाटलं, उरलेली बुंदी आणली असेल. मनात म्हटलं, पोरगा बापावर गेला. मी मागोमाग डॉक्टरांकडे गेले.

त्यानं टेबलावर डबा उघडला. आत कवळी होती. चितेवर ठेवायच्या आधी काढून घेतलेली, धुऊन, पुसून ठेवलेली.

"बाबूजी गेले, शब्दबी गेला," तो म्हणाला. "येत्या महिन्यापासून भाडं तिप्पट. सगळ्याइचं."

डॉक्टरांनी सवयीनं कवळी उचलली, उजेडात धरली, अंगठ्यानं दाबून पाहिली. "मालकानं दातावर शब्द देला होता, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "दात तं शाबूत हायेत."

खरंच की! शब्द मालकांच्या जिवावर नव्हता, दातांवर होता. मला इतका आनंद झाला की मी चक्क हसले. दारात जमलेले डॉक्टरांचे भाऊही माना डोलावू लागले.

टेबलावर साचे ठोकायची हातोडी पडली होती. मुलानं कवळी डॉक्टरांच्या हातातून काढून घेतली, टेबलावर ठेवली आणि वर हातोडी घातली.

तुकडे पार माझ्या पायापाशी उडाले. मी मरणं पाहिली आहेत, पण अशी कधी हादरले नव्हते. ते त्याच्या बापाचं हसू होतं. आदल्याच दिवशी, तेरवीला, बापाच्या हसऱ्या फोटोला हार घालताना हाच मुलगा ओक्साबोक्शी रडला होता.

"आता?" तो म्हणाला. "परवडत नसन तं आपल्या गावाले जा."

डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या.

"मी समोरच्या घरात जन्मली, भाऊ. माह्या बारशाच्या घुगऱ्या तुह्या आजीनं वाटल्या. माह्यं गाव कोनतं, तूच सांग."

अख्खी गल्ली दारात उभी होती. बाई खाली वाकल्या. माझ्या पायापाशी पडलेले तुकडेसुद्धा त्यांनी वेचले, डब्यात घातले, झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

"घेऊन जा, तुह्या बापाचे हायेत," त्या म्हणाल्या. "अन् वाटेतून सरक. आमाले सामान बांधाचं हाय."