कडब्याच्या गंजीतली बंदूक

खबर देणाऱ्याचं नाव मी सगळ्या नोकरीत एकदाच फोडलं, आणि फोडताना वर खोटंही बोललो. ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, बरोबरच्या अधिकाऱ्यांना नाही, स्वेच्छानिवृत्तीच्या निरोप समारंभात सगळे मोकळे होऊन बोलत होते तेव्हाही नाही. प्रकरण तसं लहान होतं. स्थानिक वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या. पण झोपायला आडवं झालं की मोठमोठे खून-दरोडे आठवत नाहीत, हेच आठवतं.

तेव्हा मी नांदेड जिल्ह्यात हदगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत एक गाव होतं, दोन-अडीच हजार वस्तीचं. तिथला एक माणूस फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आला. आमच्याकडं फौजेतून आलेल्याला गाव 'मेजर' म्हणतं, मग हुद्दा कोणता का असेना. मीही त्याला तेच म्हणतो.

तो आला त्या दिवशी गावानं मिरवणूक काढली. बुद्धविहारापासून निघाली, उघडी जीप, फुलं, हलगी, पुढं पोरं नाचतायत. मेजर जीपमध्ये ताठ उभा, शेजारी बायको संकोचून बसलेली. बंदोबस्त माझाच होता. सरपंचांनी आग्रह केला म्हणून मीही हार घातला. मेजरनं मला सॅल्यूट ठोकला. असा सॅल्यूट आमच्या परेडवर आठवड्यातून एकदाही दिसत नाही.

पुढं त्यानं स्वतःच्या नावावर बारा बोअरची परवान्याची बंदूक घेतली आणि तालुक्याला एका बँकेच्या शाखेत गनमन म्हणून लागला. अशा नोकरीला स्वतःची बंदूक लागते. बंदूक असेल तर नोकरी, हे साधं गणित. दोनेक वर्षांनी ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदारानं आपली माणसं लावली आणि मेजर घरी बसला. बंदूकही घरी आली.

त्या काळात तो एकदा ठाण्यात आला होता. कामाच्या वेळी येऊन उभा राहिला.

"साहेब, गावातली पोरं पोलीस भरतीची तयारी करून राहिलीत. सकाळी त्यांची पळापळ मी घेतो. ठाण्याचा एक माणूस महिन्यातून एकदा यायला पाहिजे. पोरांना जोर येईल."

"बघू," मी म्हणालो.

"जी साहेब," म्हणाला आणि गेला. मी बघितलं नाही. पोरं चार दिवस आली आणि बंद झाली, हे मला नंतर कळलं.

गावात ज्याला त्याला एकच बोलायचं असायचं, "मेजर, पेन्शन येती की. आता आराम करा." मी स्वतःही त्याला एकदा बसस्टँडवर हेच म्हणालो होतो. वाईट हेतूनं कुणीच म्हणत नव्हतं.

मग लोकसभेची निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घ्याव्या लागतात. यादीप्रमाणे नोटिसा काढायच्या, शस्त्र आलं की पावती द्यायची, मुद्देमाल खोलीत ठेवायचं आणि निकाल लागला की ज्याचं त्याला परत. त्या धावपळीत भर दुपारी माझ्या मोबाइलवर एका बाईचा फोन आला. माझा नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेला होता.

"सायेब, आमच्या गावात मेजर हाय. त्याच्याकडं बंदूक हाय. ती घेऊन जा."

"नोटीस निघालीय बाई. तो जमा करेल."

"नोटिशीचं न्हाई म्हणत मी. तशी न्हाई. कायमची घेऊन जा. लायसन तोडा त्येचं. त्यो बंदूक उगारतोय."

"कुणावर उगारतोय?"

 तिच्या मागं कुठंतरी शेळी ओरडत होती.

"सोतावर," ती म्हणाली. मग घाईघाईनं, "न्हाई सायेब, तसं नगा लिवू. माझ्यावर उगारली आसं लिवा. माझ्यावर उगारली म्हणलं की तुमी याल. अन् माझं नाव कुटं येऊ देऊ नका."

"नाव येणार नाही," मी शब्द दिला.

ती त्याची बायको आहे हे कळायला पोलीस असण्याची गरज नव्हती. ती काय सांगते आहे हेही मला नीट कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सभेचा बंदोबस्त होता, तिसऱ्या दिवशी वरिष्ठांची भेट. मी गेलो त्यानंतर.

बरोबर आमचे जमादार आणि एक महिला कॉन्स्टेबल होत्या. मेजर अंगणात बाज विणत होता. आम्हाला बघून उठला, उभा राहिला. बायकोनं तांब्या आणून ठेवला. "पानी घ्या सायेब," म्हणाली, तेव्हा फोनवरचा आवाज तोच होता. मी ओळख दाखवली नाही, तिनंही नाही. खबऱ्याशी असंच वागायचं असतं.

"मेजर, बंदूक जमा करायची होती. आम्हीच आलो घ्यायला."

"उद्या घेऊन येणारच होतो साहेब," म्हणत तो आत गेला. लोखंडी ट्रंक उघडली. वर घडी घातलेला गणवेश, खाली बंदुकीची खोळ. खोळ रिकामी होती.

अशा वेळी माणसाचा चेहरा बघायचा असतो, रिकामी जागा नाही. मेजरला धक्का बसला होता, तो खोटा नव्हता. पण क्षणभरच. त्यानं बायकोकडं एकदा पाहिलं, मग दारातून मागच्या गोठ्याकडं, आणि नजर माझ्यावर आणली.

"बंदूक माझ्याजवळ नाही साहेब."

"मग कुठं आहे?"

"सांगू शकत नाही."

बायको भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता.

निवडणुकीच्या तोंडावर परवान्याची बंदूक गहाळ होणं म्हणजे ठाणेदाराची झोप उडणं. मी त्याला ठाण्यात आणलं. अधीक्षक कार्यालयाचा फोन लगेच आला, संध्याकाळपर्यंत अहवाल पाहिजे. बंदूक विकली गेली असेल, तेलंगणाच्या बाजूला गेली असेल, कुणाच्या तरी सभेत निघेल, असं सगळं माझ्या डोक्यात येऊ लागलं.

"मेजर, बसा."

"उभाच बरा आहे साहेब."

तो सावधान उभा राहिला तो तसाच. विचारलं की उत्तर द्यायचा, तेवढंच. जमादार माझ्याकडं वाकून म्हणाले, "साहेब, ह्यो बसंना, पाणी पीईना. ह्येच्याकडं बघून बघून माझेच गुडघे दुखून राहिले."

"विकलीस का?" मी विचारलं. 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी यायचं हे आम्हाला शिकवावं लागत नाही. ज्याला हार घातला होता, त्याला मी दुपारपर्यंत 'तू' म्हणायला लागलो होतो.

"शिपाई हत्यार विकत नसतो साहेब." एवढ्याच एका वाक्याला त्याचा आवाज चढला.

"मग कुणाला वाचवतोस? आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल करीन. पेन्शन अडकेल, सगळं अडकेल."

"करा साहेब. बंदूक माझ्या नावावर आहे. जे होईल ते माझ्यावर."

मारहाण मी केली नाही. त्याची गरज नव्हती असं म्हणणं जास्त खरं होईल. तासाभरानं मला दिसलं की भीतीनं हा माणूस तुटणार नाही. तो कुणालातरी पाठीशी घालतो आहे, आणि घरात दुसरं होतं कोण? पोरगी लग्न होऊन उमरीला दिलेली. राहिली बायको. चौकशीत आमची एक जुनी रीत आहे. ज्याच्यासाठी माणूस गप्प आहे, त्यानंच तुला विकलं असं सांगायचं.

मी खुर्ची मागं सरकवली आणि म्हणालो, "ज्या बाईसाठी तू तोंड शिवून उभा आहेस, तिनंच फोन केला होता मला. नवरा माझ्यावर बंदूक उगारतो, घेऊन जा म्हणाली. तिला तुझी भीती वाटते."

मेजर खाली बसला. इतका वेळ जो बसत नव्हता तो खुर्ची न बघता बसला, जमादारांनी खुर्ची पुढं सरकवली म्हणून पडला नाही.

"मी उगारली म्हणाली?"

"हो."

"तिच्यावर?"

"हो. तसंच लिहून घेतलंय."

लिहून काहीच घेतलं नव्हतं. फोनवरचा तो पहिला शब्द, 'सोतावर', माझ्या कानात होता. तो मी गाळला. तो सांगितला असता तर माणूस रडला असता, बोलला असता की नाही ते माहीत नाही. मला बोलायला हवा होता.

तो म्हणाला, "साहेब सांगतात म्हणजे असेल तसं."

मग त्यानं सांगितलं. सकाळी वैरण टाकताना कडब्याच्या गंजीच्या मागच्या पेंढ्या उसकटलेल्या दिसल्या होत्या. तेव्हा लक्षात आलं नाही. खोळ रिकामी बघितली तेव्हा आलं. परवाना नसलेल्या बाईनं बंदूक लपवली म्हणजे तिच्यावर गुन्हा, म्हणून तो गप्प होता.

पंचांसमक्ष आम्ही गंजी काढली. बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती. बायको माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "सायेब, इलेक्शन झालं की सगळ्यांच्या परत देता ना तुमी? म्हणून दडवली. तुमी लवकर आलाच न्हाई. परवा दिशी ते ती घेऊन गोठ्यात बसले व्हते. ह्ये परत देऊ नका."

"नाही देणार."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं पाहिलं नाही.

पंचनाम्यात मी बाईचं नाव येऊ दिलं नाही. बंदूक त्याच्याच निवेदनावरून मिळाली असं दाखवलं, हलगर्जीपणाचा ठपका ठेवून परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवला. तो मंजूर झाला. वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली. बंदूक का लपवली गेली, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही अहवालात लिहिलं नाही. मेजरला एखाद्या डॉक्टरकडं न्यावं, त्याच्याबरोबरीच्या कुणा माजी सैनिकाशी गाठ घालून द्यावी, एवढंही मी केलं नाही. नांदेडला माजी सैनिकांचं कार्यालय आहे, मला ते माहीत होतं. एक फोन करायचा होता.

पावसाळ्याच्या सुमारास बाई ठाण्यात आली. मेजर घर सोडून गेला होता.

"सायेब, तुमी काय सांगितलं त्यांला?"

"कशाबद्दल?"

"ते म्हणतेत तू मला मारेकरी ठरवलंस. मी लई सांगितलं, आवो मी तुमच्यासाठीच केलं, तुमी जगावं म्हणून केलं. ते म्हणतेत, साहेब खोटं बोलत नसतेत."

मी समोरचा कागद सरळ केला. "मी तुमचं नावच घेतलं नाही बाई. त्यांनी अंदाज केला असेल."

ती जायला वळली. "हाव," म्हणाली, "तुमी कशाला घ्याल." आणि गेली. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या ठिकाणी बदली झाल्यावर मी एक नेम केला. हद्दीत फौजेतून कुणी परत आला, मिरवणूक झाली, की महिना-दोन महिन्यांनी गणवेश न घालता त्याच्या घरी जायचं. हार घेऊन जायचं नाही. अंगणात बसायचं आणि विचारायचं, दिवस कसा जातो? बरेच जण आधी "मजेत" म्हणतात. चहा संपेपर्यंत थांबलं की दुसरं उत्तर येतं. वीस-बावीस वर्षं ज्याच्या शब्दावर दहा माणसं उठायची, त्याला गावात सकाळी कुणी हाक मारत नाही. त्याला आराम नको असतो, काम हवं असतं. दोघांना मी ग्रामसुरक्षा दलाचं शिकवायला लावलं, एकाला शाळेच्या मैदानावर. याचं श्रेय मी घेत नाही. ज्याच्यामुळं शिकलो त्याच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही.

आता मी लातूरला असतो. जमादारांनी मध्यंतरी फोनवर सांगितलं की मेजर चाकूरला एका सोयाबीनच्या गोदामावर वॉचमन आहे. बंदुकीविना. मी एसटीनं गेलो. त्यानं मला फाटकातूनच ओळखलं आणि सॅल्यूट केला, तोच, मिरवणुकीतला. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. तब्येत बरी दिसली. पहाटे गावातली पोरं त्याच्याबरोबर पळायला येतात म्हणाला.

"घरी जाता का?" मी विचारलं.

"नाही साहेब. पेन्शन सगळी तिच्याच खात्यावर टाकतो. पण जी बाई मला भिते, तिच्या घरात कशाला जाऊन राहू? तिला सुखानं झोपू द्यावं." मग म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी सांगितलं म्हणून कळलं. नाहीतर मला कुणी सांगितलं नसतं."

मी चहा प्यालो. खरं काय ते तोंडापर्यंत आलं होतं. ते सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की साहेब खोटं बोलले होते, आणि त्याच्या त्या सॅल्यूटला मी लायक नव्हतो. बस आली. त्यानं पुन्हा सॅल्यूट केला आणि मी तो घेतला.

बायकोचं त्यानं ऐकलं नाही, दुसऱ्या कुणाचंही ऐकणार नाही. ते माझ्याच तोंडून गेलं पाहिजे, कारण ते माझ्याच तोंडून बिघडलं आहे. मेजर, तिला तुमची भीती नव्हती, तुमच्यासाठी भीती होती, मी खोटं बोललो. एवढं मी त्या माणसाचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.